पाठमोरे गुरुजन

महाविद्यालयांचे नवे वर्ष सुरू झाले की प्रवेशांची टक्केवारी, शुल्कवाढ व वसतिगृहांची टंचाई यांवर पुष्कळ शाई खर्ची पडते. आज आम्हांस एका लहानशा दृश्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. शहरातील एका महाविद्यालयाने चाकांच्या खुर्चीसाठी मुख्य इमारतीस रॅम्प बांधला आहे. त्याचा कठडा चकचकीत आहे, उद्घाटनाची कोनशिलाही आहे. मधल्या सुट्टीत त्या रॅम्पवर विद्यार्थी सिगारेटी ओढीत बसलेले असतात आणि क्वचित एखादा तरुण प्राध्यापकही त्यांच्यात असतो. ज्येष्ठ मंडळी भिंतीकडे पाहत निघून जातात.

या एका दृश्यात दोन कायद्यांची एकदम अवहेलना होते. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी केली आणि त्यांत शिक्षणसंस्थांचा नावानिशी उल्लेख केला. संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्रीही निषिद्ध आहे. (मेट्रिक मापे आपण १९५६ च्या कायद्याने स्वीकारली, तरी येथे यार्ड टिकून राहिला, पण मोजतो कोण, की मापाची अडचण यावी?) दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांगांच्या हक्कांचा. त्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी पूर्वीच्या ३ टक्क्यांऐवजी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. जागा मिळाली, परंतु वर्गात शिकणे मिळाले काय?

आम्हीही काही वर्षे शाळामास्तर होतो. पहिल्या बाकावरील एका मुलास ऐकू फार कमी येई. ओठांची हालचाल पाहून तो धडा समजून घेई. आम्ही मात्र फळ्याकडे तोंड करून संधी-समास सोडवीत असू. वर्ष संपता संपता त्याने वहीच्या शेवटच्या पानावर भीतभीत लिहून कळविले की, सर फळ्याकडे वळले म्हणजे त्याच्यापुरता तास संपतो. त्या ओळीची लाज आम्हांस अजून वाटते. आमच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. त्याची अडचण ही त्याची खाजगी बाब आहे, असे आम्ही न बोलता ठरवून टाकले होते, एवढेच.

हीच वृत्ती आज महाविद्यालयांत पदवीधर होऊन बसली आहे. एकाचे अंधत्व हे त्याचे दुर्दैव, दुसऱ्याची सिगारेट ही त्याची हौस, आपण आपला विषय शिकवून मोकळे! कोणी म्हणेल, शे-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाकडे पाहावे तरी कसे? ही तक्रार खोटी नाही. शिक्षकांची पदे रिकामी ठेवणाऱ्या शासनास तिचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचून दाखविण्यास कोणते अनुदान लागते? टिपणे पानांची छायाचित्रे काढून धाडण्याऐवजी टंकलिखित धाडली, तर अंध विद्यार्थ्याच्या संगणकास ती वाचून दाखविता येतात. हे औदार्य नव्हे. हा त्याचा हक्क आहे.

धूम्रपानाविषयी आम्हांस नीतिपाठ द्यावयाचे नाहीत. अठरा वर्षांवरील तरुणाच्या खिशात शिक्षकाने डोकावू नये, हे मान्य. पण त्याच्या मोकळिकीने दम्याच्या विद्यार्थिनीस जिन्यापाशी ओढणी नाकाशी धरून उभे राहावे लागत असेल आणि खुर्चीवरील विद्यार्थ्याची एकमेव वाट अडत असेल, तर तो प्रश्न खाजगी उरत नाही. शिवाय टपरीवर विद्यार्थ्याच्या काडीने स्वतःची सिगारेट पेटविणारा प्राध्यापक तासाभराने त्यास नियम कोणत्या तोंडाने सांगणार?

दंड २०० रुपयांपर्यंतच आहे. परंतु तो वसूल करण्याचा अधिकार खुद्द प्राचार्यांस आहे. त्यांनी या आठवड्यात रॅम्प मोकळा करावा, फाटकापासून १०० यार्डांची दोरी धरून टपऱ्या मोजाव्यात आणि दिव्यांग विद्यार्थ्यांस बोलावून कोणत्या तासाला काय अडते ते विचारावे. दंडाची पहिली पावती एखाद्या सहकाऱ्याच्या नावाने फाडावी लागली, तरी ती फाडावी.