हाती मोबाइल, मानेवर जू

आशा कार्यकर्तींच्या हाती मोबाइल दिला की ग्रामीण आरोग्याचा प्रश्न सुटला, असा आव शासन आणत आहे. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. केंद्राने २०१६ साली देशपातळीवर सुरू केलेला ‘मोबाइल अकादमी’चा २४० मिनिटांचा श्राव्य अभ्यासक्रम साध्या फोनवरही ऐकता येई. गरोदर माता व अर्भक यांच्याविषयी घरोघरी काय सांगावे, हे आशा आपल्या सवडीने शिकू शके. असे साधन स्वागतार्हच होय.

परंतु त्याच फोनचा दुसरा उपयोगही होतो. हरियाणात २०२१ साली ‘एमडीएम ३६० शील्ड’ हे ॲप आशांवर लादले गेले. ही पाळत आहे, असे म्हणून त्यांनी ते नाकारले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट फोन शासनाला परत केले. शिक्षणाचे साधन पहारेकऱ्याच्या हाती गेले की कष्टकरी ते झुगारणारच!

२००५ साली योजना सुरू झाल्यापासून आशा ‘स्वयंसेविका’च राहिली आहे. सुमारे हजार वस्तीचा भार तिच्यावर. पदरी कामागणिक मोबदला आणि मानधन, वेतन नाही. रात्री माहिती भरण्यात जाणारे तास मोजतो कोण? वेतनाच्या वेळी ती स्वयंसेविका आणि हुकमाच्या वेळी नोकर, हा दुटप्पीपणा कोणत्याही ॲपने झाकला जाणार नाही.

कर्मचाऱ्याचा दर्जा, किमान वेतन, ऑनलाइन कामाचा स्वतंत्र मोबदला आणि पाळतीला मज्जाव, या मागण्यांमागे कार्यकर्त्यांनी गावोगाव उभे राहिले पाहिजे.