विश्लेषण : बेळगाव की बेळगावी? नाव बदलले, प्रश्न कायम

कर्नाटकाने १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंगळूर, म्हैसूर यांच्यासह १२ शहरांची नावे बदलली. त्यात बेळगाव कागदोपत्री ‘बेळगावी’ झाले. पण या शहराचे नाव बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

जुनी नावे कोणती?
‘वेणुग्राम’, म्हणजे बांबूंचे गाव, हे जुन्या लेखांतले नाव. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ही रट्टांची राजधानी होती. किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर त्याच काळातले. पुढे यादव, बहमनी, आदिलशाही अशा राजवटी आल्या. विजापूर पडल्यावर मोगलांनी गावाला ‘आझमनगर’ म्हटले. ते नाव टिकले नाही. पेशव्यांकडून १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि ‘बेलगाम’ रूढ झाले. गांधीजी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन १९२४ मध्ये इथेच भरले.

वाद कधीपासून?
१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाने १९६७ मध्ये ते तिथेच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती फेटाळली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. इकडे कर्नाटकाने २०१२ मध्ये शहरात सुवर्ण विधानसौध उभारून आपला दावा दगडात कोरला.

मग मराठी माणसाने काय मागावे?
शहर कोणाचे, हे न्यायालय ठरवील. तोवर थांबण्याची गरज नसलेल्या दोन गोष्टी आहेत. राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय देण्यास सांगते. तसेच स्थानिक लोकसंख्येत १५ टक्के वा अधिक असलेल्या अल्पसंख्याकांना महत्त्वाची सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत मिळावीत, हे देशपातळीवर मान्य झालेले धोरण आहे.

पाटीवर ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ यावर डोकी फुटतात. पण सातबारा वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याचे दुखणे पाटीने बरे होत नाही. आणि हाच न्याय जत, अक्कलकोटच्या कन्नड भाषकांनाही लागू आहे. तिथे महाराष्ट्राने हात सैल सोडला, तर बेळगावच्या मराठी माणसाची बाजू आपोआप भक्कम होईल.