पदकाच्या आधीचा वॉर्ड

२९ जुलै १९४८. लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी, शहरापासून दूर, स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ माजी सैनिक चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळत होते. त्यांत २ स्त्रिया होत्या. पॅरालिंपिकचा इतिहास सांगताना आपण येथून थेट पदकतालिकेवर उडी घेतो. ही उडी मला चुकीची वाटते.

कारण या खेळांचा उगम मैदानात नव्हे, वॉर्डात झाला. पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेला सैनिक बहुधा वाचत नसे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याचा जीव घेत. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू शल्यचिकित्सक लुडविग गटमन यांच्याकडे फेब्रुवारी १९४४ मध्ये या रुग्णालयाचा कणा-विभाग आला. दर दोन तासांनी, मध्यरात्रीही, रुग्णाची कूस बदलायची, हा त्यांचा दंडक. (माणूस कमालीचा हट्टी!) रुग्ण जगू लागले.

मग अधिक अवघड प्रश्न उभा राहिला: जगून करायचे काय? ऐन तारुण्यातली माणसे आयुष्य संपले असे मानून बसली होती. गटमन यांनी खेळ आणला तो या नैराश्यावरचा उपचार म्हणून. आधी खुर्चीवरचा पोलो, मग नेटबॉल, धनुर्विद्या. धनुष्य ओढताना खांदे व दंड बळकट होतात, धड सावरायला शिकते; शिवाय खुर्चीतला धनुर्धर उभ्या धनुर्धराशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. या उपचाराचे मर्म मला या बरोबरीत दिसते. कीव करणाऱ्याला हरवता येत नाही, प्रतिस्पर्ध्याला येते.

आपले मुरलीकांत पेटकर आठवा. सांगली जिल्ह्यातले, सैन्यात मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे बळ गेले. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणूनच. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक आले, तेही विश्वविक्रमासह. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये.

सन्मानाला ४६ वर्षे का लागली, हा आपला संताप रास्त आहे. पण पेटकर पाण्यात उतरले तेव्हा ते कोणाचेच विजेते नव्हते, केवळ एक जखमी जवान होते. सैन्यामुळे त्यांना उपचार आणि तलाव दोन्ही लाभले. आज झाडावरून किंवा दुचाकीवरून पडून कणा मोडलेल्या एखाद्या तरुणाला, पदकाची कसलीही शक्यता नसताना, त्याच्या तालुक्यातल्या तलावात कोण उतरवते? तेथे खुर्ची जाईल असा उतार तरी आहे का?