स्टॉलवर गर्दी, गल्ला मात्र रिकामा!

प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्या आपल्या व्यापारी आणि कारीगर बंधूंची एक तक्रार नेहमीची असते. "लोक आले, माल हाताळला, तारीफ केली, कार्ड घेऊन गेले. पण धंदा काही झाला नाही." स्टॉलचे भाडे, माल नेण्या-आणण्याचा खर्च आणि तेवढे दिवस बंद राहिलेले दुकान, हा सारा खर्च मग अंगावर येतो. दोष कोणाचा? आयोजकांचा, जागेचा की गिऱ्हाइकाचा? याचे उत्तर शोधताना एक जुनी अमेरिकन जाहिरात-फिल्म फार उपयोगी पडते.

तिचे नाव 'सेंच्युरी ट्वेंटी-वन कॉलिंग'. अमेरिकेतील सिएटल शहरात २१ एप्रिल ते २१ ऑक्टोबर १९६२ या काळात जागतिक प्रदर्शन भरले होते. एकविसावे शतक कसे असेल, हा त्याचा विषय. ६०५ फूट उंचीचा 'स्पेस नीडल' मनोरा आणि मोनोरेल याच प्रदर्शनासाठी उभारले गेले आणि दोन्ही आजही वापरात आहेत. सहा महिन्यांत सुमारे ९६ लाख लोक तेथे येऊन गेले. या प्रदर्शनावर बेल सिस्टिमने ही फिल्म काढली. बेल सिस्टिम म्हणजे एटी अँड टी कंपनी आणि तिच्या शाखा. अमेरिकेतला बहुतेक टेलिफोन कारभार त्या काळी त्यांच्याच हाती होता.

फिल्म पंधरा मिनिटांचीही नाही. एक तरुण आणि एक तरुणी प्रदर्शनात हुंदडतात, पाळण्यांची आणि मनोऱ्याची मजा घेतात आणि फिरत फिरत बेलच्या दालनात शिरतात. तेथे त्यांना उद्याचा टेलिफोन दाखवला जातो. खिशात ठेवायचा, निरोपाची खूण देणारा 'बेलबॉय' पेजर, नेहमीच्या नंबरासाठी छोटा नंबर, एका फोनवर बोलताना दुसरा आल्याची सूचना, आपला फोन दुसऱ्या ठिकाणी वळवण्याची सोय. आज आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये यातले बहुतेक सारे आहे.

धंदेवाल्याने पहिली गोष्ट ही पाहावी की, विकणारा येथे यंत्राच्या पोटात शिरत नाही. तारा किती, यंत्र कसले, कारखाना केवढा, याचे पाल्हाळ नाही. तुमचा वेळ कसा वाचेल आणि तुमचा निरोप कसा चुकणार नाही, एवढेच सांगितले जाते. आपण मात्र गिऱ्हाइकाला सुताचा नंबर, लाकडाची जात आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसतो. त्याला हवे असते वेगळेच. कापडाचा रंग जाईल का? चप्पल पावसात टिकेल का? मिरजेच्या कारीगराची सतार प्रवासात सूर धरील का? याचे उत्तर आधी द्यावे आणि वस्तू त्याच्या हातात द्यावी.

दुसरी गोष्ट फिल्मच्या पाठीमागे आहे. चकतीऐवजी बटणे दाबायचा टेलिफोन बेलने सिएटलच्या दालनात लोकांपुढे ठेवला होता. पण त्याआधी कंपनीच्या प्रयोगशाळेत बटणांच्या अनेक मांडण्या माणसांकडून वापरून घेतल्या होत्या. कोणत्या मांडणीत नंबर लवकर लागतो, कोठे चुका कमी होतात, लोकांना काय आवडते, हे मोजले गेले. वरच्या ओळीत १, २, ३ आणि शून्य सर्वांत खाली, ही आजच्या फोनवरची मांडणी त्यातूनच आली. नोव्हेंबर १९६३ मध्ये, म्हणजे प्रदर्शन उठल्यावर सुमारे वर्षभरात, हा फोन पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना मिळू लागला आणि पुढे जगभर पसरला. आधी परीक्षा, मग प्रदर्शन आणि लगोलग पुरवठा, असा हा क्रम होता.

आता याच कंपनीची दुसरी बाजू पाहा. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले. तेथे बेलने 'पिक्चरफोन' मांडला. समोरच्याचा चेहरा पाहत बोलायचे! लोकांना त्याचे मोठे कुतूहल वाटले. पण त्याच वर्षी मोठ्या शहरांत पिक्चरफोनची केंद्रे उघडली, तेव्हा पहिल्या तीन मिनिटांचा दर १६ डॉलरपासून पुढे होता. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात ही सोय कचेऱ्यांना देऊ केली, तर महिन्याचे भाडे १६० डॉलर. शिवाय ज्याच्याशी बोलायचे, त्याच्याकडेही तेच यंत्र हवे. गिऱ्हाइके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली आणि काही वर्षांत हा कारभार गुंडाळावा लागला. कंपनी तीच, पैसा तोच, प्रदर्शनाची शान तीच. मग फरक कोठे पडला? बटणाचा फोन लोकांच्या रोजच्या गरजेचा होता आणि आवाक्यात बसणारा होता. पिक्चरफोन पाहायला छान होता, घ्यायला परवडत नव्हता.

स्टॉलवरची गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे या दोन प्रदर्शनांनी दाखवून दिले. गर्दीत कुतूहल असते. कुतूहलाचा सौदा व्हायचा तर भाव, गरज आणि वेळेवर पुरवठा, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

फिल्मबद्दल आणखी एक इशारा द्यायला हवा. तीत दाखवलेल्या सोयींपैकी अनेक सामान्य अमेरिकन घरांत पोहोचायला बरीच वर्षे गेली. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजवर त्यांची सुरुवात १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावात झाली. कंपनीला घाई नव्हती, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कोठे? टेलिफोनचे यंत्रसुद्धा कंपनीकडूनच भाड्याने घ्यावे लागे. ही मक्तेदारी १ जानेवारी १९८४ ला मोडली गेली. आपल्या कारीगराला अशी चैन परवडणारी नाही. हिमरूचा सुंदर नमुना दाखवून शंभर शालींची ऑर्डर घेतली, बयाणा घेतला आणि वेळेवर तीस दिल्या, तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी शेजारच्या स्टॉलवर दिसेल. मोठ्या कंपनीकडून दाखवण्याची रीत जरूर घ्यावी, वायद्याची सवय घेऊ नये. छोट्या व्यापाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याची जबान.

सिएटलचे प्रदर्शन सहा महिन्यांत उठले. फिल्म मात्र साठ वर्षांनंतरही इंटरनेटवर फुकट पाहायला मिळते. त्या काळी अशी फिल्म काढणे कंपन्यांनाच परवडे. आज ते साधन आपल्या हाती आहे. मालेगावचा लूमवाला मोबाईलवर एक मिनिटाची फिल्म काढून परगावच्या खरेदीदाराला क्षणात पाठवू शकतो. तीत आपल्या दुकानाची पाटी कमी आणि माल वापरणारा माणूस जास्त दिसू द्यावा. आणि कारीगराचे हात दाखवावेत. बेलला ते दाखवण्याची गरज नव्हती, तिच्याकडे कारखाने होते. आपल्याकडे हुनर आहे आणि हाताच्या कामाला आज किंमत येते ती याच हुनराची.

म्हणून पुढचा स्टॉल नोंदवण्यापूर्वी प्रत्येकाने घरीच हिशोब मांडावा. जो माल दाखवणार, तो आधी दहा ओळखीच्या गिऱ्हाइकांना वापरायला दिला आहे का? ज्या भावात विकणार, तो भाव समोरच्याला झेपेल का? आणि दोनशे नगांची ऑर्डर आली, तर सूत, कामगार आणि रोकड यांची सोय आहे का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर खुशाल स्टॉल घ्यावा. एकाचेही 'नाही' असेल, तर भाड्याची रक्कम यंदा कच्च्या मालात घालावी. प्रदर्शन पुढच्या वर्षीही भरणार आहे.