झाडलेले घर रिकामे ठेवू नका

राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घरी परतताना पुष्कळजण मनाशी निश्चय करतात की, यंदाच्या प्रायश्चित्तकाळात मोबाईलला हात लावावयाचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो निश्चय मोडतो आणि "आपल्याच्याने हे व्हावयाचे नाही" असे म्हणून मनुष्य पुन्हा पहिल्याच वाटेला लागतो. निश्चय खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. तो फार मोठा होता व त्याच्यामागे काही रीत नव्हती, एवढेच.

मोबाईल ही वस्तू मुळात वाईट नव्हे. आखातात नोकरीस गेलेल्या मुलाचे तोंड आईला तिच्यामुळेच दिसते. मयताची वार्ता सर्व नातलगांस क्षणात पोहोचते. हे काम झाले. परंतु काम आटोपल्यावरही जो अंगठा फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच राहतो, ती सवय होय. काम कोठे संपते व सवय कोठे सुरू होते, हे प्रथम ओळखले पाहिजे.

ही सवय केवळ आपल्या दुर्बलतेमुळे जडते असेही नाही. वर्तमानपत्राचे पान संपते, तेथे डोळ्यांस विसावा मिळतो व "आता पुरे" असे मन म्हणू शकते. २००६ साली एझा रास्किन नावाच्या संगणकतज्ज्ञाने पान कधी संपूच नये अशी रचना तयार केली. पुढे तिचा प्रसार सर्वत्र झाला आणि खुद्द रास्किननेच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. विहिरीला तळच नसेल, तर पोहरा किती वेळ सोडीत राहावयाचे?

यावर एक जुना उपाय आमच्या घरातच आहे. ज्यांचे शरीर जुन्या गोव्यात जतन केलेले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती व गुरू संत इग्नेशियस लोयोला. आध्यात्मिक साधनेवरील त्यांच्या पुस्तकास १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात त्यांनी एकेक दोष घालविण्याची रीत सांगितली आहे. दोष एकच निवडावा. सकाळी उठताच तो टाळण्याचा संकल्प करावा. दिवसा तो घडला की, कोणास कळू न देता छातीवर हात ठेवून पश्चात्ताप करावा. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर तो किती वेळा घडला ते आठवावे आणि कागदावरील रेघेवर तितकी टिंबे द्यावीत. मग दुपारशी रात्र, कालशी आज व गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहावा.

"कामावाचून मोबाईल उचलला" एवढाच दोष धरून ही वही घालावी, असे आम्ही सुचवितो. सोमवारी वीस टिंबे पडली आणि शनिवारी सोळा, तर हा पराजय नव्हे. ही चार पावले आहेत.

परंतु टिंबे कमी होणे एवढ्यानेच भागत नाही. अशुद्ध आत्मा घराबाहेर गेला, परत आला तेव्हा घर झाडलेले पण रिकामे आढळले आणि तो आपल्याहून दुष्ट असे सात सोबती घेऊन आत शिरला, असा दाखला प्रभूने दिला आहे. मोबाईलपासून सुटलेला अर्धा तास रिकामा राहिला, तर दुसरे काहीतरी तो बळकावील. म्हणून आंजेलसची घंटा झाली की, घरातील सर्व मोबाईल एका फडताळात ठेवावेत. परगावच्या मुलाचा फोन येणार असेल, तर तेवढा घ्यावा व मोबाईल पुन्हा जागेवर ठेवावा. मग रोझरी व्हावी, आजीचे बोलणे कोणीतरी पुरते ऐकावे, आजारी शेजाऱ्याकडे जाऊन यावे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदास पोहोचलेले कार्लो अकुटिस संगणकात निष्णात होते. त्याच्याच साहाय्याने त्यांनी पवित्र मिस्साबलिदानाच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडली. तरीही त्यांनी स्वतःच्या संगणकीय खेळांस आठवड्यातून एका तासाची मर्यादा घातली होती. मर्यादा घातली म्हणून हत्यार निरुपयोगी होत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

आईबापांस एकच विनंती: फडताळात पहिला मोबाईल तुमचा जाऊ द्या. मुलांना सांगितलेले ती विसरतात. रोज पाहिलेले विसरत नाहीत.