विश्लेषण : एक पगार भरून मूल घराबाहेर? महागड्या निवासी शाळांचा हिशेब काय सांगतो?

खोपटमध्ये एसटी स्थानकाच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या नोकरदार जोडप्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. एक जण ऐरोलीला, दुसरा वांद्रे-कुर्ला संकुलात. सकाळी आठला घराला कुलूप, रात्री साडेआठला दिवा. मधल्या वेळेत मूल शाळा, पाळणाघर, शिकवणी आणि मोबाइल यांत वाटले गेलेले. अशा घरात मोबाइलवर डोंगरातल्या हिरव्यागार शाळेची जाहिरात येते : घोडेस्वारी, पोहण्याचा तलाव, वर्गात मोजकी मुले, परदेशी अभ्यासक्रम. ‘आपल्याला जमत नाही, निदान तिथे तरी नीट होईल,’ हा विचार मनात येतोच. पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत रास्त आहे का?

निवासी शाळांचे आकर्षण नवे आहे का?

मुळीच नाही. पाचगणीची ओळखच निवासी शाळांची. किमिन्स हायस्कूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, तर संजीवन विद्यालय १९२२ मध्ये. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजलेला फारुख बलसारा १९५०च्या दशकात झांझिबारहून पाचगणीच्याच सेंट पीटर्समध्ये शिकायला आला होता. डेहराडूनचे डून स्कूल १९३५ चे.

नवे आहे ते ‘आंतरराष्ट्रीय’ हे बिरुद. जिनिव्हात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयबी’चा आणि केंब्रिजचा अभ्यासक्रम आता अनेक निवासी शाळांत आहे. हॅरोने बंगळूरुत आणि वेलिंग्टन कॉलेजने पुण्यात २०२३ मध्ये आपल्या नावाची शाळा उघडली. मुलाला इंग्लंडला पाठवण्याऐवजी इंग्लंडची शाळाच इकडे आली.

खर्च नेमका किती?

देशातील नामांकित आंतरराष्ट्रीय निवासी शाळांचे वार्षिक शुल्क साधारण १० ते २० लाखांच्या घरात असते. स्वित्झर्लंडमधील सर्वात महागड्या शाळांत ते एक लाख फ्रँकच्या, म्हणजे एक कोटी रुपयांच्या पुढे जाते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाल्याने तिथला खर्चही वाढला.

आपण १२ लाखांचे शुल्क धरू. सहावी ते बारावी अशी सात वर्षे आणि दरवर्षी आठ टक्के वाढ. बेरीज होते सुमारे १ कोटी ७ लाख रुपये. प्रवेशाच्या वेळची अनामत, गणवेश, सहली, सुट्टीतला प्रवास वेगळा.

आता दुसरी बाजू. ठाण्यातल्याच एखाद्या चांगल्या शाळेचे शुल्क दीड लाख धरले आणि तेही आठ टक्क्यांनी वाढत गेले, तरी पहिल्या वर्षी साडेदहा लाखांचा फरक उरतो. हा वाढता फरक दरवर्षी सात टक्के परतावा देणाऱ्या साधनात ठेवला, तर बारावी संपताना सुमारे १ कोटी २१ लाख जमतात. भारतातले बहुतेक कोणतेही पदवी शिक्षण त्यात होऊन पैसे उरतील.

करसवलतीचा आधारही तोकडा आहे. जुन्या करप्रणालीत भारतातील शाळेच्या ‘ट्यूशन फी’ला इतर गुंतवणुकींसह दीड लाखांच्या मर्यादेत वजावट मिळते, वसतिगृह आणि जेवणाच्या खर्चाला नाही. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही.

महाग शाळेत मूल जास्त शिकते का?

अशा शाळांचे निकाल चांगले लागतात, हे खरे. पण मुळातच चांगली तयारी असलेली, सुस्थितीतील घरांतली मुले निवडून घेतल्यावर निकाल चांगलाच लागणार. त्यात शाळेचा वाटा किती, हे शोधणे अवघड असते. अमेरिकेतील तीन अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्कमधील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी थोडक्या गुणांनी प्रवेश मिळालेली आणि तितक्याच थोडक्याने हुकलेली मुले त्यांनी ताडून पाहिली. पुढच्या परीक्षांत दोघांत फारसा फरक आढळला नाही.

त्या शाळा निवासी नव्हत्या. निवासाच्या परिणामाबाबत फ्रान्समधील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. साध्या घरांतल्या मुलांना तेथील निवासी शाळेत सोडत काढून प्रवेश दिला गेला. सुरुवातीला मुले खचली, गुणांतही वाढ दिसली नाही. दोन वर्षांनंतर गणितात चांगली प्रगती झाली, पण ती मुख्यत्वे आधीपासून हुशार असलेल्या मुलांची. म्हणजे निवासी शाळा काहींना उचलून धरते, सरसकट सर्वांना नाही.

कमी चर्चेतला धोका कोणता?

मुलाला पुढे डॉक्टर व्हायचे असेल तर शाळेचे राज्य महत्त्वाचे ठरते. राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्य कोट्यातल्या. त्यासाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र तर लागतेच, शिवाय काही अपवाद वगळता दहावी आणि बारावी राज्यातील संस्थेतूनच उत्तीर्ण व्हावी लागते. डेहराडून, उटी किंवा स्वित्झर्लंडमधून दहावी-बारावी केलेल्या ठाणेकर मुलाला या जागांचा दरवाजा बंद होऊ शकतो. मग उरतात १५ टक्के अखिल भारतीय जागा किंवा महागडी खासगी महाविद्यालये. पाचगणी किंवा पुण्यातल्या शाळेत हा प्रश्न येत नाही.

शिवाय ‘नीट’ आणि ‘जेईई’ या परीक्षांचा साचा वेगळा आहे. ‘आयबी’त निबंध, प्रकल्प, चर्चेला महत्त्व. परदेशी विद्यापीठांसाठी ही उत्तम तयारी. मात्र मूल शेवटी इथल्याच प्रवेश परीक्षांना बसणार असेल, तर त्यासाठी वेगळी शिकवणी लावावी लागते. म्हणून आधी पदवी कुठे, हे साधारण ठरवावे आणि मग शाळा.

मग हे शुल्क कशाचे असते?

तीन गोष्टींचे. शिक्षण, ओळखीपाळखी आणि मुलासाठी दिलेला वेळ. शिक्षण चांगले असते, पण तेवढ्यासाठी १२ लाख लागत नाहीत. ओळखी खऱ्या असतात. मात्र उद्योगपतींच्या मुलांमध्ये काटकसरीने टिकून राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्या किती येतात, हा प्रश्नच आहे. सुट्टीत वर्गमित्र परदेशी जातात आणि आपले मूल ठाण्याला येते, तेव्हा त्याला काय वाटते याची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

राहिला वेळ. मध्यमवर्गीय पालक खरे तर तोच विकत घेतात. १२ लाख म्हणजे महिन्याला एक लाख, तेही करकपातीनंतरचे. खोपटच्या त्या जोडप्यासाठी हा दोघांपैकी एकाचा जवळजवळ पूर्ण पगार. म्हणजे एकाने वर्षभर लोकल आणि बसमध्ये उभे राहून कमवायचे ते, आपण घरी नसल्यामुळे मुलाला घराबाहेर ठेवण्यासाठी. हा व्यवहार उघड्या डोळ्यांनी पाहिला तर अनेकांना आतबट्ट्याचा वाटेल. त्याऐवजी आई किंवा वडील, कुणीही एकाने काही वर्षे घराजवळचे, कमी पगाराचे काम धरले, तरी मुलाला घरही मिळते आणि सोबतही. नोकरी सोडणे सर्वांना शक्य नाही, सर्वांना हवेही नसते. पण हा पर्याय कागदावर मांडून न पाहता शाळेचा अर्ज भरू नये.

निवासी शाळा वाईटच का?

नाही, आणि त्याचा पुरावा स्वस्त निवासी शाळांतच आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून आलेल्या जवाहर नवोदय विद्यालयांत शिक्षण, निवास आणि जेवण जवळपास मोफत असते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. मुळशी तालुक्यातील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज महागडे असले, तरी तिथे कुटुंबाच्या ऐपतीनुसार शिष्यवृत्ती मिळते. जवळ चांगली शाळाच नसलेल्या गावच्या मुलासाठी, सतत बदली होणाऱ्या पालकांसाठी किंवा ज्या घरात रोजची भांडणे आहेत तिथल्या मुलासाठी वसतिगृह आयुष्य बदलू शकते. म्हणजे फायदा होतो तो मुलाची गरज असेल तेव्हा. तो शुल्काच्या आकड्याने वाढत नाही.

पालकांनी निर्णय कसा घ्यावा?

पैशांची कसोटी सोपी आहे. घर गहाण न टाकता, निवृत्तीच्या पैशांना हात न लावता आणि पदवीचा खर्च बाजूला काढून सातही वर्षांचे शुल्क निघत असेल, तरच पुढे विचार करावा. पहिले वर्ष परवडते म्हणून प्रवेश घेतला आणि तिसऱ्या वर्षी मुलाला परत आणावे लागले, तर त्याचा घाव मुलाला बसतो.

शाळेला भेट देताना तलावापेक्षा वसतिगृह पाहावे. रात्री किती मुलांमागे एक प्रौढ असतो? गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? मूल घरी फोन कधी करू शकते? रॅगिंग किंवा लैंगिक छळाची तक्रार कुणाकडे करायची? परदेशी विद्यापीठांत गेलेल्या पाच जणांची नावे सांगतात, बाकीच्या वर्गाचे काय झाले? अनामत कधी परत मिळते? उत्तरे लेखी मागावीत.

आणि शेवटचा प्रश्न मुलाला, दोघांनी एकत्र बसून, घाई नसलेल्या एखाद्या रविवारी विचारावा : तुला जायचे आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचा हिशेब करावा. ‘नाही’ असेल, तर १२ लाख परवडत असले तरीही ते महागच पडतील.