रोबोटिक शस्त्रक्रियेचे अर्धेच पैसे का?

प्रति,
अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

27 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात आपण बारा आधुनिक उपचारांची यादी दिलीत आणि यांपैकी एकही उपचार आरोग्य विम्यातून वगळता येणार नाही, असे कंपन्यांना बजावलेत. रोबोटिक शस्त्रक्रिया त्या यादीत आहे. त्यानंतर जानेवारी 2020 मध्ये आपणच ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी आखून दिलीत आणि तिच्यात याच बारा उपचारांवर विमा रकमेच्या 50 टक्क्यांची मर्यादा घातलीत. मर्यादा घालणाऱ्या कंपन्यांना आज कोणत्या तोंडाने जाब विचारणार? वाट आपणच दाखवली आहे.

माझ्या थोरल्या भावाच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. गाठ काढायची, पण मूत्रपिंड वाचवायचे, असे सर्जनने ठरवले. या शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखतात आणि तेवढ्यात गाठ कापून जखम शिवायची असते. मनगटासारखी वळणारी रोबोटची अवजारे तिथे चैन म्हणून वापरत नाहीत. क्लेमच्या वेळी मात्र कंपनीने मर्यादेचे कलम पुढे केले आणि ती मर्यादा खाट, भूल, औषधे, तपासण्या अशा सगळ्या बिलाला लावली. तक्रार केली, तर कंपनीचेच पत्र फिरून हाती आले.

आता आपल्याच पॉलिसीचा हिशेब मांडतो. विमा 5 लाखांचा धरा. गाठ पोट उघडून काढली आणि बिल साडेतीन लाख झाले, तर या पॉलिसीतला रुग्णाचा 5 टक्के सहभाग (को-पे) वजा जाता 3,32,500 रुपये मिळतात; रुग्णाच्या खिशातून जातात 17,500. तीच गाठ रोबोटने काढली आणि बिल साडेचार लाख झाले, तर मर्यादा अडीच लाखांची. त्यातून पुन्हा 5 टक्के गेले की हाती 2,37,500. रुग्णाने भरायचे 2,12,500. म्हणजे शस्त्रक्रिया एक लाखाने महाग झाली आणि कंपनीचा खर्च मात्र 95,000 रुपयांनी कमी झाला! रोबोटचा वाढीव खर्च देणार नाही, असे कंपनीने म्हटले असते तर एकवेळ समजले असते. पण साध्या शस्त्रक्रियेसाठी जे द्यावेच लागले असते, तेही ती वाचवते. हप्ता अर्धा घेतला होता का? ज्याचा विमा फक्त 1 लाखाचा आहे, त्याच्या वाट्याला तर 50,000 चीच मर्यादा येते. या पॉलिसीत सहसा कोण असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

प्रत्येक रोबोटिक शस्त्रक्रियेचे पैसे डोळे झाकून द्या, असे मी म्हणत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दुर्बिणीने वा रोबोटने शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त होत्या 86 टक्के, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर 96.5 टक्के. ब्रिस्बेनमधील पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या शस्त्रक्रियेच्या चाचणीत रोबोटमुळे रक्तस्राव कमी झाला, पण बारा आठवड्यांनी लघवीवरच्या नियंत्रणात खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा फारसा फरक दिसला नाही. म्हणूनच कुठे रोबोट हवा आणि कुठे नको, हे अवयव आणि आजार पाहून ठरायला हवे. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असेल तेथे’ ही अट आपण घातलेलीच आहे. ती तपासायचे कष्ट घेण्याऐवजी सगळ्यांना सरसकट निम्मे देणे कंपन्यांना सोयीचे आहे, आणि ती सोय आपण करून दिली आहे.

रुग्णालयांनाही मी मोकळे सोडत नाही. ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोटच्या अवजारांत वापर मोजणारी चिप असते; अनेक अवजारे वर्षानुवर्षे 10 वापरांनंतर बाद होत असत. 2020 पासून उत्पादकाने त्यांतल्या काहींची मर्यादा 12 ते 18 वर नेली. याचा लाभ रुग्णापर्यंत आला का, हे बिलावरून कळायला मार्ग नाही, कारण तिथे ‘रोबोटिक चार्जेस’ अशी एकच ओळ असते. रुग्णालयांवर आपला अधिकार चालत नाही, हे मान्य. पण कॅशलेसचे करार कंपन्याच करतात, आणि कंपन्या आपल्या अखत्यारीत आहेत. त्या करारात अवजारनिहाय बिलाची अट घालायला लावा.

मे 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्याचा नियम आपण केलात. नियम चांगला आहे. पण अर्धा क्लेम तीन तासांत नाकारला, तर रुग्णाच्या हाती काय पडले?

मागणी एवढीच आहे. मर्यादा ठेवायचीच असेल, तर ती फक्त रोबोटच्या वाढीव खर्चावर ठेवा. उरलेले बिल साध्या शस्त्रक्रियेसारखेच मंजूर झाले पाहिजे. आणि सुरुवात ‘आरोग्य संजीवनी’पासून करा. ते कलम कोणत्या कंपनीने लिहिलेले नाही, आपण लिहिले आहे. ते बदलायला संसदेत जावे लागत नाही, आपले एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपला,
एक विमाधारक